दोन ठिपके

फादर तिर्की म्हणाले, जुनी वही कॉम्प्युटरवर घ्या,
वाळवी काही मिस्सा संपायची वाट पाहत नाही.
म्हणून मी, लुदवीना तायडे, पोट्ट्यांचे पेपर तपासून झाले की
वेदीमागच्या खोलीत बसते,
पान उडू नये म्हणून त्यावर मेणबत्तीचं बुड ठेवून.

पहिली अठ्ठावीस पानं पेर्नोले नावाच्या माणसाची.
बोरझिऱ्याला ते नाव झेपलं नाही, पेरूबाबा केलं.
डोंगराच्या, बर्फाच्या मुलखातला. घोडीवर आला,
सायबाच्या परवानगीचा कागद कोटाच्या अस्तरात शिवून.
बर्फ कसा असते, पोरांनी विचारलं म्हणे,
तर त्यानं बोंड फोडून तळहातावर धरलं
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
अजूनही आमच्या नाताळच्या गोठ्यावर कापूसच पसरतो,
छप्पर पऱ्हाटीचं.

पान नऊ. दुष्काळाचं साल.
एका दिवसात एकतीस बाप्तिस्मे.
बाप, ठाऊक नाही. आई, ठाऊक नाही. गाव, ठाऊक नाही.
वय अंदाजे सहा. सहाचे पाच केलेत, पाचाचे पुन्हा सहा.
नाव मार्सेलिना.
माझ्या आज्याची माय.

गाव म्हणायचं, ज्वारीसाठी बाटले.
माझी माय म्हणे, "हो बाप्पा, ज्वारीसाठीच.
पोट का देवानं नाई केलं?"

मग अरुंद रूळ आले.
गासड्या जायच्या सायबाच्या गिरण्यांकडे;
परतीच्या डब्यातून मरिया आली, भुशात लोळलेली,
नाकाचा शेंडा उडालेला.
तो कामठीच्या सवरीमुत्तूनं, गँगच्या मुकादमानं,
चुना आणि डिंक मळून बसवला.
म्हणून आमच्या मरियेचं नाक जरासं तामीळ आहे.
स्टेशनमास्तर मस्कारेन्हस गोव्याचे. त्यांना बाक.
त्यांच्या फिडलच्या पेटीलाही बाक.
आम्हाला तरट.
देवापुढे सगळे सारखे, हे आम्ही तीन पिढ्या
तरटावर बसून ऐकलं.

सिस्टर रोझिलीन केरळातून आली, दवाखाना काढला,
विळ्यानं नाळ कापणं बंद केलं.
आम्ही डोया म्हणायचो, जवय म्हणायचो.
ती म्हणायची डोळा, जवळ, जीभ मागे वळवून, सावकाश.
आज शाळेत मी ज्याच्यावर मार्क कापते
तो ळ मला तिनं दिलेला आहे.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या दाखल्यासाठी
या वहीची नक्कल तहसिलीत नेली.
बाबू म्हणाला, "धर्म दिसते मॅडम, जात कुठं हाय?"
पेरूबाबानं तो रकाना आखलाच नव्हता.
गावाला मात्र तो कधी कागदावर लागला नाही.

आज पान नऊ पुन्हा उघडलं.
मार्सेलिनाच्या आधी काहीतरी लिहून खोडलंय,
जाड रेघ, दोनदा ओढलेली.
पण त्याच्या लिपीत काही अक्षरांच्या डोक्यावर ठिपका असतो,
आणि रेघ ठिपक्यांच्या खालून गेली.
दोन ठिपके.

म्हणजे तिनं नाव सांगितलं होतं.
त्यानं ऐकलं होतं. लिहिलंही होतं.
चिमी?
भिकी?
झिपी?
रिकाम्या चर्चात एकेक नाव मोठ्यानं म्हणून पाहते.
मरिया तामीळ नाकानं ऐकल्यासारखी करते.

बाहेर गुणवंता टोले देतो. सायबाच्या मुलखातली घंटा तडकली
तेव्हापासून रुळाचा तुकडाच वाजतो आमच्याकडं,
चिंचेला टांगलेला.

मी मशीनमध्ये नुसती दोन टिंबं घालून पाहिली.
मशीन म्हणालं, हे नाव चालत नाही.
मग मार्सेलिना लिहिलं, तिनं आयुष्यभर वागवलं तसं,
आणि ना-च्या पुढे, कुणी पाहत नाही हे बघून,
दोन टिंबं.

फादर तिर्कींना वाटेल, टायपिंगची चूक.