खडूची रेघ

तुर्भ्याला, ट्रक टर्मिनलच्या मागच्या भिंतीवर
मढवी मिस्त्रीने खडूने आडवी रेघ ओढली,
टेम्पो पंचवीस फूट मागे घ्यायला लावला
आणि म्हणाला, लाव.

दोन्ही दिवे रेघेच्या वर.
"आभाळ बघत चालवतोस काय रे?"

मी गप्प.
मंगळवारी पहाटे महापे नाक्याच्या अलीकडे
रात्रपाळी सुटलेली एक बाई.
आधी डब्याची कडी चमकली,
मग मनगट,
मग ती.
वीतभर उरलं.
तिने डबा बॉनेटवर एकदाच आपटला
आणि गेली. शिवीसुद्धा दिली नाही.
पोचा अजून आहे, ठोकून घेतलेला नाही.

मिस्त्री स्क्रू फिरवतो. पाव फेरा. अजून जरासा.
पिवळी पडलेली काच पेस्ट लावून घासतो.
"पांढरे एलईडी टाकू का?"
"टाक. समोरून येणारा आंधळा होईल,
आणि त्याच्याही पुढ्यात कुणीतरी चालत असतंच."

उजवीकडचा झोत खाली, डावीकडचा किंचित उचललेला.
"माणूस कडेने चालतो."
"फुटपाथ आहे की."
"त्यावर गाड्या आहेत."

मग पोऱ्याला हाक, "निवास, काळा शर्ट घाल, भिंतीला जा."
निवास गेला.
चपला दिसल्या, गुडघे, पोटावर बांधलेले हात.
रेघेच्या वर अंधार.

"चेहरा दिसत नाही, मिस्त्री."
"नकोच दिसायला.
डोळे त्याचे त्याला लागतात,
तुला चुकवायला.
दीडशे झाले."