वीतभर

पहिल्या नकाशात मी काच काढली होती.
दोन मजले नुसती काच, पश्चिमेला तोंड करून.
बडगुजर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मे महिन्यात या एकदा," म्हणाल्या, "दुपारी दोनला."

गेलो.
पारोळ्यात त्या दिवशी चव्वेचाळीस होतं.
अलीकडे वेस, तिच्या चिऱ्यांवर चुन्यानं लिहिलेला
कुणा बोअरवेलवाल्याचा नंबर,
पलीकडे बंद जिनिंगचं धुराडं,
मधे वाचनालय. सागवानी सरे, वर मातीचं धाबं,
आणि आत गार फरशीवर
तलाठी भरतीची पोरं,
एका पंख्याखाली एकोणीस.

समितीला कमानी हव्या होत्या.
"वेशीसारख्या," वाणी वकील म्हणाले, "शोभेल."
कमान म्हणजे एकमेकांवर रेललेले दगड.
सिमेंटच्या कमानीत कुणी कुणावर रेलत नाही,
टोपी घालून उभी असते नुसती.
हे मी बोललो नाही.
फी यायची होती.

हिलाल मिस्तरींनी जुन्या भिंतीवर तळवा ठेवला,
बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.
"भाऊ, नवं काही तिले टेकाडू नको.
तिले तिन्हंच वझं गह्यरं शे."

धुळ्याच्या एसटीत, मांडीवर वही,
मी स्लॅबची रेघ खोडली
आणि अलीकडे ओढली.
एक वीत.

त्या विताचं काय करायचं,
यावर तीन बैठका झाल्या.
पाणी शिरेल. कबुतरं येतील.
काबरा शेठांनी वीत गुणिले लांबी करून
वाया जाणारे रुपये सांगितले.
बाई म्हणाल्या, "दोन ओळींत आपण जागा सोडतो,
ती वाया म्हणतो का?"
इतिवृत्तात हे आलं नाही.

आता चार खांब उभे आहेत, वेशीपेक्षा बुटके.
स्लॅब पडला. चौथी भिंत जुनीच.
वरच्या फटीला काच बसायची आहे,
माझ्या वाट्याला आलेली, वीतभर.
निधीचा दुसरा हप्ता जळगावात अडकलाय.
कबुतरं आली. शेठ बरोबर होते.

पण सकाळी उन्हाची पट्टी
जुन्या चुन्यावरून उतरून फरशीवर येते,
आणि कोकिळा पावरा नावाची मुलगी
सिमेंटचं रिकामं पोतं अंथरून
पट्टीच्या कडेकडेनं सरकत वाचत असते.

"आत कुठून आलीस? पुढं तर कुलूप आहे."
तिनं पुस्तकातून वर न बघता
जुन्या भिंतीतली खिडकी दाखवली.
खिडकीच्या धुळीत चपलेचे ठसे,
एकाच मापाचे नव्हते.

नकाशात तिथं दार नाही.
आज रात्री काढतो.