सहा ते साडेआठ

वनस्पतिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा मागितली, मिळाली.
भिंतींना वाकळा ठोकल्या आहेत
गुंजी, नंदगड, इदलहोंडच्या बायकांनी दिलेल्या.
एकीत लुगड्याचा काठ,
एकीत कुणाच्या तरी शाळेची खाकी चड्डी.
आवाज त्यांच्यात जिरतो.
कपाटात अजून एका बरणीत नेचा उभा आहे,
पाहुण्यांना आम्ही सांगतो, हा आमचा पहिला श्रोता.

उद्घाटनाला कोणीसं म्हणालं, लहरींना सीमा नसते.
असते की.
जांबोटीच्या डोंगरामागे आमचं कोणी ऐकत नाही,
तिकडे नुसती खरखर.
डोंगर कुणाचा, हे अजून
डोंगराला कोणी विचारलेलं नाही.

पाळ्या मी लावते. पेन्सिलीनं.
सोमवार रेणुका घाडी, पण तिची परीक्षा.
मंगळवार इनास, तो मडगावला कामाला लागला.
बुधवार हजरतसाब, पंक्चरचं दुकान वेळेत मिटलं तर.
पगार नाही. चहा आहे,
कँटीनवाल्याची उधारी फिटली असेल तर.
दर जूनला निम्मी नावं खोडायची,
खोडरबराचा चुरा मिक्सरच्या फटीत जातो
आणि मग डावीकडचा आवाज चरचरतो.
जाताना प्रत्येक जण म्हणतो, मॅडम, येत राहीन.
आणि चावी परत देतो.

परवान्यात लिहिलंय, बातम्या द्यायच्या नाहीत.
आम्ही देत नाही. निरोप देतो.
उद्या नळ नाही.
पुलावर पाणी आहे, बस वळशानं येईल.
पारिश्वाडच्या निंगव्वाची नात पास झाली.
बिर्जे मास्तर गेले, माती दहा वाजता.
ही बातमी की निरोप, यावर आमची सभा बसली.
सभा उठली तेव्हा माती झालेली होती.

एक नोव्हेंबरला दोघांची पाळी एकत्र पडली.
चूक माझी, पेन्सिल घाईत फिरली.
रवळू दंडाला काळी फीत बांधून आला,
मल्लेशी गळ्यात पिवळा-तांबडा शेला घालून.
हेडफोन एक. त्याचाही एकच कान जिवंत.
दोघं खुर्च्या लांब लांब ओढून बसले
आणि वायर पुरेना म्हणून पुन्हा जवळ आले.
मी काचेमागे नखं खात होते.

सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.
म्हैस हरवली. डावं शिंग मोडकं, नाव चंद्री.
रवळूनं मराठीत सांगितलं.
मल्लेशीनं कन्नडात, एम्मे कळेदिदे,
आणि चालू माइकवरच विचारलं,
अक्का, हाक कुठल्या भाषेत मारायची तिला?
पलीकडची बाई तापली,
"काय विचारूलास रे!
भाकरी दाव, येते."

दोघं हसले.
लाल दिवा लागलेलाच होता.
ते हसू तसंच गेलं, न कापता,
वीटभट्टीवर, दळपाच्या गिरणीत,
जिथवर आमचा पन्नास वॅट पोचतो तिथवर.

चंद्री सापडली का, ठाऊक नाही.
हरवल्याचा फोन येतो,
सापडल्याचा कोणी करत नाही,
सापडलं की माणसं कामाला लागतात.
चार दिवसांनी पायरीवर एक डबा होता,
आत खरवस, वेलदोडा जरा जास्त.
झाकणावर नाव नव्हतं, कुठल्याच लिपीत.
मी, रवळू, मल्लेशी, हजरतसाब,
रेणुकानं उपास म्हणून नुसता वास घेतला.

साडेआठला मी कळ खाली करते.
वाकळांपाशी कान नेला तर काही ऐकू येतं का?
नाही. मी पाहिलंय करून.

मंगळवार अजून रिकामा आहे.
तुम्हाला जमेल का?
कन्नड अडखळलं तरी चालेल, मराठी अडखळलं तरी चालेल,
दुरुस्त करायला लोक फोन करतातच.
चावी नेच्याच्या बरणीमागे असते.
फक्त सहाला या.
पावणेसहाला आलात
तर चहा आधी होईल.