तळटीप अकरा

केरिचोच्या सायबर कॅफेत
चेपकिरुई चहा कंपनीचा ताळेबंद वाचते,
ओळीखाली बोट धरून,
आई बायबल वाचते तसा.

ओडेरा सर म्हणाले होते, भाव बघू नकोस,
आधी कर्ज बघ. मग रोकड. मग तळटीपा.
खरं काय ते बारीक अक्षरात असतं.

कर्ज कमी. रोकड बरी.
नफा गेल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट.
शेअर स्वस्त आहे, चक्क स्वस्त!
ती वहीत बरोबरची खूण करते.

तळटीप अकरा: तोडणीयंत्रांमुळे
मजुरीखर्चात लक्षणीय बचत.

मार्चपासून आई घरीच असते.
बोटांवरचे काळपट डाग
फिकट होत चाललेत.

चेपकिरुई पेन्सिल उलटी धरते.
खोडत नाही.
भागाकार पुन्हा करून बघते.
उत्तर तेच.