वाऱ्याच्या खालच्या अंगाला

हंबीर असता
तर नाक मातीला टेकवून, एकेक पाऊल वाचत निघाला असता:
टाच कुठे रुतली, गवत कुठे मोडलं,
मोडल्या गवताचा ओला वास किती उरलाय.
वळणावर वळणारा, आडवाट न घेणारा,
हिशेबनीसासारखा कुत्रा.
पण हंबीर निवृत्त झाला संक्रांतीला,
कागलला मामाच्या गोठ्यात झोपतो.
आणि सुभाषनगरात माती तरी कुठे राहिलीय?

म्हणून काडी.

सून चपलांचा जोड घेऊन दारात उभी.
"मामांजी सकाळधरनं न्हाईत. अनवाणीच गेल्यात.
नाव इचारलं तर सांगत्यात, घर इचारलं तर हसत्यात."
मी म्हणाले, चप्पल नको, उशीचा अभ्रा द्या.
इथे अख्ख्या गल्लीला कातड्याचा वास, बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा.
तिला ते लागलं.
त्यांच्या हातचा शेवटचा जोड होता तो.

अभ्र्याला घाम होता, खोबरेल होतं,
आणि खाली, फक्त काडीला कळेल असं,
धोंडीराम सातपुते, वय अठ्ठ्याहत्तर.

काडी पाऊल धरत नाही.
माणूस चालतो तसा झडत जातो,
पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा,
ते पीठ वारा नेतो, भिंतीच्या बुडाला, गटाराच्या काठाला ठेवतो.
म्हातारा रस्त्याच्या मधून गेला असेल,
काडी कडेकडेने, कधी पलीकडच्याच फुटपाथने.
बघे म्हणाले, चुकली की ओ बाई तुमची.
मी पट्टा सैल ठेवला.

चप्पल लाईनीत एका दुकानाच्या पायरीला तिने नाक लावलं.
बारगीर गल्ल्यावरून उठला:
"आलते. नऊच्या सुमाराला.
चार जोड आणल्यात म्हणाले. हात रिकामे.
मी म्हटलं, ठेवा. वहीत लिवून घेतलं,
त्याबिगर हलंनात."
वही दाखवली. चार जोड, कापशी, आठ नंबर.
अक्षर नीट होतं.

पुढे महाद्वार रोड.
शनिवारची गर्दी, कुंकू, भजी, दुपारचं डांबर.
काडी तीनदा गोल फिरली
आणि माझ्याकडे बघत बसली.
तिला पाणी पाजलं. मीही प्याले.
नाक थकतं हे लोकांना सांगून पटत नाही.

ऊन कलल्यावर रंकाळ्याच्या पलीकडे गेलो.
वारा फुलेवाडीकडून येत होता.
चिमूटभर भस्म सोडून पाहिलं
(वरिष्ठ पावडरची डबी देतात, माझ्या खिशात जोतिबाची पुडी असते)
आणि पट्टा काढला.

काडीचं डोकं वर आलं.
आता तिला वाट नको होती.
कोण कुठून गेलं हा प्रश्नच मिटला,
आत्ता या घटकेला कोण कुठे आहे, एवढंच.
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे
मोकळ्या प्लॉटांवरून, बांधकामाच्या विटांवरून,
वादी ओवावी तशी ती हवा ओवत गेली,
टाके जवळजवळ येत गेले,
आणि मग सरळ.

जुन्या कुंडांची जागा होती ती.
कातडी भिजवायची. बुजवून वीस वर्षं झाली,
आता प्लॉटच्या नंबराचे दगड.
म्हातारा उकिडवा बसून कोरडी माती चाचपत होता.
काडी बसली आणि एकदाच भुंकली.
तो वळला नाही.
"कच्चं हाय अजून," म्हणाला, "चार दिस ऱ्हाऊ द्या."
मग हात मागे केला, कुणीही असो, हुंगू दे म्हणून.
तिने तळवा बराच वेळ हुंगला.

तळपायांना फोड आले होते.
सून रिक्षातून उतरली, तोच जोड घेऊन.
त्याने पाय घालायच्या आधी एक चप्पल उलटी केली,
शिवणीवरून अंगठा फिरवला,
वेणी ओढून पाहिली.

"कुणी केलाय?" म्हणाला.
"बरा हाय."