ओ

वाल्पाराइसोच्या चढावर, रंग उडालेल्या पत्र्याच्या घरात
आमचा छापखाना. पुस्तकं अंधांसाठी, म्हणून शाई नाही,
नुसते ठिपके, कागदाच्या पाठीवर उठलेला शहारा.
ते उठवणारं धूड एकाच कॉम्प्युटरचं ऐकतं,
आणि तो कॉम्प्युटर पिवळा पडलाय, चहाबाजाच्या दातांसारखा,
आणि बोलतो ती भाषा बाकी यंत्रांनी
केव्हाच गावकुसाबाहेर टाकली.

म्हणून मध्ये मी एक डीमन बसवला.
"सैतान पाळलास होय रे नीबाल्दो?"
दोन्या एदुविहेस म्हणाल्या, बोटं तपासणीच्या कागदावर.
सैतान नव्हे हो, पडद्यामागचा गडी.
फायली सांभाळतो, छपाईची रांग लावतो,
पगार नाही, तोंड दाखवत नाही.
कुणी हाक मारली की ओ द्यायची, एवढंच.

जुनं यंत्र हाका फार मारतं.
दर थोड्या वेळानं तारेवर: कुणी आहे का?
इथलं कुणी आहे का? छापणारं कुणी आहे का?
नव्यांना हा भोचकपणा वाटतो.
त्यांना पत्ता लागतो, चावी लागते, सही लागते.
याला फक्त नाव घेऊन बोलावता येतं,
आमच्या टेकडीवर पाववाल्याला बोलावतात तसं.

त्याच्या पोटातली बॅटरी मेलीय. वीज गेली
की तो जागा होतो एकोणीसशे चार सालात.
मग त्या सकाळच्या सगळ्या फायलींवर तीच तारीख:
एक जानेवारी, एकोणीसशे चार.
म्हणजे भूकंपाला अजून दोन वर्षं,
बंदरातली घंटाघरं उभी,
आणि आमचं सहावीचं गणित मात्र छापून तयार.
डीमन वाद घालत नाही.
त्याच्या वहीत आजची वेळ लिहितो
आणि म्हाताऱ्याला त्याचं साल असू देतो.

जूनमध्ये मीच माती खाल्ली.
रात्री नवी आवृत्ती चढवली, खाली वाचलं नाही.
खाली लिहिलं होतं: जुन्या बोलीचा आधार काढून टाकला आहे.
सकाळी पडद्यावर सगळं हिरवं, सगळं ठीक.
दोन्या एदुविहेस दारातच थांबल्या, ओला कोट अंगावर,
मान थोडी कलती.
"तुझा सैतान गेला," म्हणाल्या.
मला काहीच ऐकू येत नव्हतं. तेच तर, म्हणाल्या.
रोज त्या यायच्या आधी धूड एकदा खाकरतं,
रांगेतलं पहिलं पान मागतं. आज खाकरलं नाही.

अकरा तास लागले. मागची आवृत्ती शोधली,
कुणा अनोळखी माणसानं, देव त्याचं भलं करो,
जपून ठेवलेली. बांधताना चारदा मोडली.
गाभ्यातला एक तुकडा पुन्हा चालू केला,
दोन ओळी लिहिल्या, एक खोडली.
तारेवर हाक चालूच होती, दिवसभर,
न चिडता, आवाज न वाढवता.
मला लाज वाटली त्या हाकेची.

रात्री नऊच्या सुमारास: आहे, छापणारा आहे.
धूड खाकरलं. मग ती धडधड,
खालच्या घरातल्या बाई काठीनं छत ठोकतात ती.

मंत्रालयाचं पत्र आलंय, मार्चमध्ये नवं यंत्र देतो म्हणतात.
याआधीच्या मार्चमध्येही आलं होतं.

परवा स्वयंपाकाच्या पुस्तकात एक ठिपका जास्त उठला
आणि मिठाचं भलतंच काहीतरी झालं.
दोन्या एदुविहेस आतून ओरडल्या: नीबाल्दो!
मी वहीत डोकं घालून, कुठल्याशा तारखेपाशी.
नीबाल्दो!
"बघ," त्या कागदालाच म्हणाल्या असाव्यात,
"याच्यापेक्षा तो सैतान बरा."