तोरणमाळ, होळीनंतर

शहाद्याच्या स्टँडवर शालिकने छत्री घेतली,
भर फाल्गुनात.
आम्ही हसलो. रसवाल्यानेही चरक थांबवून हसून घेतलं.
"आज पानी येवाव नही, भो," निंबा म्हणाला.
तेहतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस,
पत्ता कधी चुकला नाही त्याचा,
आभाळ मात्र आठवडाभर रोज चुकत गेलं.

घाट पायी चढायचा, असं ठरलं होतं.
दुसऱ्या वळणाशी लोटनचे नवे बूट चावले,
तिसऱ्याशी माझा गुडघा बोलला.
सागाला पान नव्हतं. सावली म्हणून
विजेच्या खांबाची एक पट्टी,
तिच्यात चौघं एकामागे एक उभे राहिलो
शाळेच्या प्रार्थनेला राहायचो तसे.
पळस फुलला होता. कुणी काही बोललं नाही.
धाप लागली होती.

पठारावर मात्र रात्री थंडी.
दुपारी तापलेल्या डोक्याला मफलर बांधून
शालिक कळण्याची भाकरी मोडत होता,
ठेच्याने डोळ्यांत पाणी, नाकात पाणी,
आणि चंद्र पौर्णिमेला कंटाळून
रोज थोडा उशिरा यायला लागलेला.

तिसऱ्या दिवशी तलावाच्या काठाने चालताना
पश्चिमेकडून काळं काही उठलं
आणि गारा.
एक छत्री, चार डोकी.
लोटनने खांदा बाहेर ठेवला, मी पिशवी,
निंबा सगळाच बाहेर. वहीत लिहीत होता:
दुपारी तीन दहा, गारा, आकार निंबोळीचा.
कागद भिजला. तीन पुसलं गेलं, दहा राहिलं,
निंबोळी तेवढी नीट वाचता येत होती.

भांडण झालं ते पाचव्या दिवशी.
वाट चुकलो होतो सीताखाईच्या अलीकडे,
पण वाटेवरून भांडायला आम्ही काय लहान होतो?
भांडलो मेसच्या चाळीस रुपयांवरून,
अमळनेरच्या खोलीत, ट्रंकेतून गेलेले,
ज्यांचा आळ शालिकवर आला होता
आणि तो त्याने कधी झटकला नव्हता.
शालिक छत्री घेऊन पुढे निघून गेला.
कड्यावर वाऱ्याने ती उलटी केली,
काड्या आभाळाकडे,
आणि तो ती तशीच धरून उभा, आमच्याकडे पाठ करून.
हसू आलं. आवरलं.

ते पैसे मी घेतले होते.
हे त्यांना सांगितलं नाही, इथे लिहितो.
तपकिरी बूट घेतले त्यांचे.
मुलाखतींना आम्ही चौघांनी आळीपाळीने घातले ते.

त्या रात्री खेमजी पावरांच्या अंगणात झोपलो,
मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांच्या वासात,
थोडे झिंगल्यासारखे, न पिता.
पहाटे टपटप झालं. मोह पडतोय म्हणून पडून राहिलो.
"पानी उनं रे, उनं!" लोटन ओरडला,
मग ओंजळीने, पंचाने, निंबाच्या टोपीने
फुलं आत नेली अंधारात,
खेमजींची सून हसत होती आमच्या वाकण्याला.
चाळीस रुपयांचं कुणी नाव काढलं नाही.
मोडकी छत्री तिने मागितली,
खुडूक कोंबडीवर उपडी घातली.
बरोबर बसली.

परतताना शहाद्याला पुन्हा पाऊस, बिनछत्रीचा.
रसवाला ओळखून हसला, शालिकही हसला या वेळी.
लोटनने चावरे बूट काढले,
लेस एकमेकींत बांधून गळ्यात टाकले,
चिखलात अनवाणी उभा राहिला, फोड मोजत.
मग माझ्याकडे न बघता, हळूच, फक्त मला ऐकू येईल असं:
"त्या तपकिरी बूट… आमले ढिल्ला व्हयेत.
फक्त तुलेच बसेत, भो."

मी रसाचे पैसे दिले, चौघांचे.
निंबाने वहीचं कोरडं पान शोधलं,
वर बघितलं, आणि लिहिलं:
सोमवार. आभाळ निवळतंय.